आजी ‘बारीक’ होती, म्हणजे नेमकी कशी?

प्रश्न असा आला आहे: “ताई, मी माझ्या आजीच्या आठवणी इंग्रजीत लिहितेय. ‘आजी बारीक होती’ या साध्या वाक्यावर गाडी अडली आहे. थिन, स्लिम, स्लेंडर, लीन, स्किनी, गाँट... शब्दकोशात सगळ्यांपुढे ‘बारीक, सडपातळ, कृश’ एवढंच दिलंय. यांत फरक काय आणि माझ्या आजीला कुठला शब्द लागेल? शेवटची दोन वर्षं सोडली तर ती रोज स्वतः विहिरीचं पाणी काढायची.”

विहिरीचं वाक्य तू जाता जाता लिहिलंस, पण तुझं उत्तर त्यातच दडलंय. त्याच्याकडे शेवटी येते.

अठ्ठावीस वर्षं मी अनुवादावर पोट भरते आहे. कथा केल्या, कोर्टाचे कागद केले, दवाखान्यांचे अहवाल केले, मध्यंतरी साबणाच्या जाहिरातीही केल्या. या शब्दांचा धडा मात्र सुरुवातीलाच मिळाला, तोही लाल शाईत. एका संस्थेसाठी रुग्णांच्या मराठी नोंदी इंग्रजीत करायच्या होत्या. नर्सबाईंनी लिहिलं होतं, ‘रुग्ण फार बारीक झाला आहे.’ मी बिनधास्त ‘व्हेरी स्लिम’ लिहून मोकळी झाले. कागद परत आला तेव्हा ‘स्लिम’भोवती गोल होता आणि शेजारी डॉक्टरांचं अक्षर: ‘स्लिम व्हायला मी रोज पर्वती चढतो. हा माणूस क्षयाने खंगलाय.’

त्या दिवसापासून मी या शब्दांकडे शिडी म्हणून बघणं सोडलं. आपल्याला शाळेत अशी शिडीच शिकवतात: स्लिम म्हणजे थोडं बारीक, थिन म्हणजे जरा जास्त, स्किनी म्हणजे आणखी जास्त, आणि सगळ्यात शेवटी इमेशिएटेड. शिडी अगदीच खोटी नाही, पण तिच्यावरून चढलीस तर चुकीच्या माळ्यावर पोचशील. एकाच वजनाच्या, एकाच उंचीच्या दोन माणसांना दोन वेगळे शब्द लागतात. किलो किती यापेक्षा बघणारा कोण आहे, त्याला ते शरीर आवडतंय की त्याची काळजी वाटतेय की हसू येतंय, आणि ते शरीर तसं कशामुळे झालंय, हे शब्द ठरवतं. जन्मजात ठेवणीमुळे? कष्टामुळे? उपासमारीने? दुखण्याने? की मुद्दाम, आरशासमोर उभं राहून?

आणि हे काही इंग्रजीचं खास कौतुक नव्हे. आपली मुलगी शेलाटी असते, शेजारणीची किडकिडीत असते. पसंत पडलेली सून नाजूक असते, नापसंत पडलेली तीच मुलगी ‘अंगात काही नाही हो’ अशी असते. मराठीत तुला हे सगळं जन्मापासून कळतं. अडचण येते ती एवढ्याचसाठी, की इंग्रजीकडे जाताना तू आधी ‘बारीक’ या मोठ्या गोणीत सगळं भरतेस आणि मग त्या गोणीवर लावायला एकच इंग्रजी चिठ्ठी शोधतेस.

म्हणून आधी ‘बारीक’चाच निकाल लावू. किराणा दुकानात आपण पातळ पोहे मागतो, बारीक पोहे कुणी मागत नाही. शेव मात्र बारीक, पातळ शेव नव्हे. रवा बारीक. म्हणजे पसरट वस्तूची जाडी कमी असली की ती आपल्याला पातळ, आणि दाणा किंवा धागा लहान असला की तो बारीक. इंग्रजीची वाटणी वेगळी आहे. पोहे थिन, कागद थिन, तारसुद्धा थिन; रवा मात्र फाइन. ‘बारीक चिरलेला कांदा’ला ‘थिनली’ लावलंस तर वाचणारा उभे पातळ काप करून बसेल; तिथे ‘फाइनली चॉप्ड’च हवं. छापील पाककृतींत ही चूक मी इतक्यांदा दुरुस्त केली आहे की आता हात आपोआप जातो. वर ‘बारीक’चा अर्थ लहान असाही होतो. गावाकडची ‘बारीक पोरं’ चांगली गुटगुटीत असू शकतात. ‘आजी बारीक होती’ हे वाक्य कोल्हापूरकडच्या माणसाने म्हटलं तर मी आधी विचारीन, म्हणजे लहानखुरी होती का? तसं असेल तर इंग्रजीत तो वेगळाच शब्द आहे, पेटीट. बाई ठेंगणी आणि बांध्याने छोटी असली की पेटीट. कपड्यांच्या दुकानात तर हा उंचीचाच माप-गट आहे, साधारण पाच फूट चार इंचांच्या आतल्या बायकांसाठी. पुरुषाला कुणी पेटीट म्हणत नाही.

आता थिन. या घराण्यातला हा जुना आणि सगळ्यात कोरडा शब्द. गंमत म्हणजे तो आपला लांबचा नातेवाईक आहे. इंग्रजी थिन, लॅटिन तेनुइस आणि संस्कृत तनु ही एकाच मुळाची पोरं, असं भाषाशास्त्र सांगतं. मुळातला अर्थ ताणणे. ताणलं की वस्तू पातळ होते. वर्गातल्या तन्वीला हे सांग, ती खूश होईल. थिन माणसालाही लागतो, आमटीलाही लागतो, विरळ केसांना, डोंगरावरच्या विरळ हवेला, तकलादू सबबीलासुद्धा. रंगारी डब्यात ओततो तो थिनरही यातलाच. इतक्या ठिकाणी राबणाऱ्या शब्दाला स्वतःचा लाड किंवा राग फारसा उरत नाही. तरी माणसाबद्दल बोलताना थिनमध्ये किंचित उणेपणा असतो: असायला हवं तेवढं अंग नाही. ‘यू लुक थिन’ म्हणणाऱ्या इंग्रज बाईच्या कपाळावर आठी असते.

इथेच आपली माणसं परदेशात गोत्यात येतात. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या मावशी भाचीच्या मैत्रिणीला दारातच म्हणतात, ‘यू हॅव बिकम सो थिन!’ मावशींच्या मनात ‘किती बारीक झालीस गं’ असतं. त्यात कौतुक, माया आणि थोडा हेवा असं सगळं एकत्र असतं. त्या मुलीला ऐकू येतं, तू आजारी दिसतेस. कौतुक करायचं तर इंग्रजी माणूस वजन कमी झाल्याचं बोलतो, बारीक ‘झाल्याचं’ नाही. आणि खरं सांगायचं तर हल्ली तेही न बोललेलं बरं. समोरची केमोथेरपी घेऊन आलेली असू शकते.

स्लिम आणि स्लेंडर हे दोन्ही कौतुकाचे शब्द, पण त्यांचं कौतुक वेगळं. स्लिम हा नीटनेटका, चालू जमान्याचा शब्द आहे. त्यात ‘राखलेलं’ शरीर आहे. म्हणून जाहिरातींना तो आवडतो, फोनला लागतो, पँटला लागतो. ब्रिटनमध्ये डाएट करण्याच्या खटाटोपालाच स्लिमिंग म्हणतात. पोलिसांच्या वर्णनातही तिथे ‘स्लिम बिल्ड’ असतं, अगदी आपल्या हरवले-सापडलेच्या जाहिरातीतल्या ‘बांधा सडपातळ, रंग गहूवर्णी’सारखं, तिथे तो शब्द ना स्तुती करतो ना निंदा. लग्नाच्या बायोडेटातल्या ‘सडपातळ’ला डोळे झाकून स्लिम लिही, डोकं खाजवू नकोस. स्लेंडरला मात्र आकार दिसतो. लांबट, निमुळतं, डौलदार काहीतरी. मान स्लेंडर, बोटं स्लेंडर, मनोरा स्लेंडर, फुलाचा देठ स्लेंडर. स्लेंडर व्हायला कुणी जिमला जात नाही. ती देवाघरची ठेवण आहे. आपली ‘चवळीची शेंग’ म्हणजे स्लेंडर. शेलाटीही तीच, जरा शहरी झोकात असेल तर स्वेल्ट. हा शब्द फ्रेंचांकडून आलेला आहे आणि अजून अत्तर लावूनच फिरतो. उंच, लवलवती बाई असेल तर विलोई, म्हणजे विलोच्या झाडाच्या फांदीसारखी. आपण विलो ओळखतो तो क्रिकेटच्या बॅटमुळे, त्यामुळे मराठी वाचकाला विलोई म्हटलं की सडसडीत बाईऐवजी कव्हर ड्राइव्ह आठवण्याचा धोका आहे.

स्लिमचं मूळ मात्र डौलदार नाही. तो इंग्रजीत डच-जर्मन बाजूने आला आणि तिकडे त्याचा अर्थ वाकडा, वाईट, लबाड असा होता. जर्मनमध्ये अजूनही ‘श्लिम’ म्हणजे वाईट. डचमध्ये ‘स्लिम’ म्हणजे हुशार, चलाख. इंग्रजीत ‘स्लिम चान्स’ म्हणताना जो तुटपुंजेपणा डोकावतो, तो पाहिला की वाटतं जुना स्वभाव पुरता गेलेला नाही. आणि याच गोड शब्दाचं अंगावर काटा आणणारं रूपही इतिहासात आहे. १९८० च्या दशकात युगांडातल्या राकाई भागात माणसं सुकत सुकत मरू लागली, तेव्हा लोकांनी त्या दुखण्याला इंग्रजीतूनच नाव दिलं, ‘स्लिम’. १९८५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शोधनिबंध आला तोही ‘स्लिम डिसीज’ याच नावाने. तो एड्स होता. माझ्या लाल गोलाच्या वेळी मला हे ठाऊक असतं तर डॉक्टरांशी वाद घातला असता, इतकंच.

लीनबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण मराठी कानाला तो फसवतो. आपलं ‘लीन’ संतांच्या पायाशी असतं. इंग्रजी लीन कुणाच्या पायाशी बसत नाही. लीन म्हणजे चरबी नाही, पण स्नायू आहेत. खाटकाच्या दुकानात बिनचरबीच्या मांसाला हाच शब्द. धावपटू लीन, कबड्डीतला चढाई करणारा लीन, शिकारी कुत्रा लीन. पण त्यात भूकही आहे. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये पहिल्याच अंकात सीझर कॅशियसकडे बघून अस्वस्थ होतो, कारण त्याची नजर ‘लीन अँड हंग्री’ आहे. माझ्याभोवती लठ्ठ माणसं असू द्या, रात्री नीट झोपणारी, असं तो म्हणतो. सीझरला कॅशियसच्या वजनाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला दिसली ती न शमलेली महत्त्वाकांक्षा. तेव्हापासून नेत्याला किंवा वकिलाला लीन म्हटलं की इंग्रजी वाचक सावरून बसतो.

पैशाचे ओढाताणीचे दिवसही लीनच, म्हणजे आपली तंगी. आणि मग १९८८ मध्ये जॉन क्रॅफसिक या तरुण अभियंत्याने टोयोटाच्या कारखान्यातल्या पद्धतीला ‘लीन’ हे नाव दिलं: साठा कमी, वाया जाणं कमी, फालतू हालचाल कमी. भोसरी-चाकणच्या कुठल्याही सुपरवायझरला विचार, तो ‘लीन’वर अर्धा तास बोलेल. तिथे लीनचं मराठी करायला मला एकदा सांगितलं होतं. मी ‘काटकसरीची उत्पादनपद्धती’ लिहिलं. शॉप फ्लोअरवरच्या एका काकांनी वाचून मान हलवली आणि म्हणाले, “काटकसर नाही मॅडम. काटकसर म्हणजे तेल कमी घालायचं. हे म्हणजे सांडायचंच नाही.” मी शब्द खोडला आणि ‘लीन’च ठेवला. अजूनही त्यांच्यापेक्षा चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

स्किनी म्हणजे स्किन, कातडी, दिसतेय. घरगुती, मित्रांच्या तोंडचा शब्द. त्यात थट्टा असते, कधी दुखावणारी. आपला किडकिडीत, काटकुळा. सरकारी कागदात, मृत्युलेखात, कुणाच्या आजीबद्दल पहिल्या पानावर स्किनी वापरायचा नाही. पण भाषेत शब्दांची इभ्रत बदलते तशी याचीही बदलली. स्किनी जीन्स आल्या, साय काढलेल्या दुधाची स्किनी लाते आली आणि वस्तूला चिकटल्यावर त्यातली टोचणी गेली. शिवाय १९६० च्या दशकात लंडनच्या फॅशनजगात ट्विगी नावाची मॉडेल गाजली. ट्विग म्हणजे काटकी. जे नाव आपल्याकडे शाळेत चिडवायला ठेवलं असतं, ते तिने मिरवलं. काडीपैलवान मात्र तिकडेही मिरवला जात नाही. चार्ल्स ॲटलस या शरीरसौष्ठवपटूच्या अमेरिकन जाहिरातींत समुद्रकिनाऱ्यावर मार खाणारा ‘९७ पौंडी दुबळा’ असायचा, म्हणजे ४४ किलोचा. काडीपैलवानाचं इंग्रजी करताना मी त्यालाच हाक मारते.

स्किनीत निदान मैत्री असू शकते. स्क्रॉनीत नाही. स्क्रॉनी म्हणजे लुकडा, मरतुकडा. मान बारकी, अंगावर कळा नाही, बघून कीवही येते आणि नकोसंही वाटतं. कोंबडी स्क्रॉनी, गल्लीतलं मांजर स्क्रॉनी. वीडी हा ब्रिटिशांचा शब्द, तणासारखा वाढलेला, जोर नसलेला. लँकी म्हणजे हातपाय लांब आणि ते कुठे ठेवावे हे न कळणारा; दहावीच्या सुट्टीत चार इंच वाढलेला कुठलाही मुलगा. स्पिंडली पायांना लागतो, खुर्चीच्याही. हे शब्द इथे उभ्याउभ्याच ओळखून घे, रोज लागणार नाहीत.

उपमांचं सांगते. ‘थिन ॲज अ रेक’ म्हणजे दंताळ्यासारखा बारीक. शेतकऱ्याच्या घरात कोपऱ्याला टेकवलेलं दंताळं डोळ्यांपुढे आण. ही उपमा सहाशे वर्षांहून जुनी आहे. चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसरने एका विद्वानाच्या घोड्याला ती लावली, आणि तिथेही शब्द लीनच आहे. अमेरिकेत दंताळ्याच्या जागी ‘रेल’ येतो, कुंपणाचं आडवं लाकूड. आपण चिपाड म्हणतो: उसातला रस गेला, उरलं ते. मला आपली उपमा जास्त आवडते. दंताळं जन्मतःच बारीक असतं, चिपाडात आधी रस होता ही बातमी आहे. म्हणूनच चिपाडाला रेक लावला की काहीतरी सांडतं, आणि मी अशा वेळी उपमा सोडून क्रियापदाकडे जाते: तो सुकला, आटला, विरला. इंग्रजीत ‘वेस्टेड अवे’.

रस गेल्याचीच कथा सांगणारे दोन शब्द म्हणजे गाँट आणि हॅगर्ड. दोन्ही मुख्यतः चेहऱ्याचे. गाँट म्हणजे खप्पड: गालफडं बसलेली, डोळे खोल, हाडांचा सांगाडा कातडीआडून दिसतो. उपासमार, वार्धक्य, तुरुंग, लांबचं दुःख, यांपैकी काहीतरी त्यामागे असतं. निर्जन टेकडीवरची पडकी इमारतही गाँट असते. शेक्सपिअरच्या ‘दुसरा रिचर्ड’मध्ये मरणपंथाला लागलेला म्हातारा राजपुत्र जॉन ऑफ गाँट स्वतःच्याच नावावर कोटी करतो, मी थडग्यासारखा गाँट आहे म्हणून. त्याचं नाव खरं पडलं होतं ते त्याच्या जन्मगावावरून, आताच्या बेल्जियममधल्या गेंटवरून. पण मरताना कोटी सुचणारा माणूस मराठी नाटकातही शोभला असता. हॅगर्डला बारीक असायचीही सक्ती नाही. मूळ शब्द ससाणे पाळणाऱ्यांचा: मोठा झाल्यावर रानातून धरलेला, न माणसाळलेला ससाणा म्हणजे हॅगर्ड. त्याच्या त्या सैरभैर डोळ्यांवरून तो माणसावर आला. चार रात्री जागलेली तान्ह्या बाळाची आई हॅगर्ड दिसते. खंगलेली नाही, ओढलेली. आपण म्हणतोच, ‘चेहरा किती ओढलाय गं.’

दवाखान्यात ही सगळी मंडळी बाहेर बसतात आणि आत फक्त मोजमाप जातं. प्रौढांसाठी अंडरवेट म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, १८.५ च्या खाली. हा शब्द ना लाड करतो ना थट्टा. इमेशिएटेड म्हणजे उपासमारीने किंवा रोगाने हाडं वर आलेला, आपलं अस्थिपंजर, बोलीत पाप्याचं पितर. तो लॅटिन शब्दांतून आलाय, त्यामुळे बातमीत आणि अहवालात शोभतो, स्वयंपाकघरात नाही. लहान मुलांच्या बाबतीत वेस्टिंग हा पक्का तांत्रिक शब्द आहे: उंचीच्या मानाने वजन कमी. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर ते स्टंटिंग, खुजेपणा. हे दोन एकमेकांत मिसळलेले अहवाल मी पाहिले आहेत, आणि तिथे शब्द चुकला तर मूल चुकीच्या यादीत जातं. अंगणवाडी सेविका सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी लावते, घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत आला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे तीव्र कुपोषण. त्या मुलाला मराठीत ‘सडपातळ’ लिहिणारा अनुवादक मी एकदा पाहिला. मी त्याला माझ्या लाल गोलाची गोष्ट सांगितली आणि दोघांनी मिळून ‘कृश’ लिहिलं. आणखी एक सांभाळ. ‘वेस्टेड’ एकटाच, बोलण्यात, तरुण पोरांच्या तोंडी आला तर त्याचा अर्थ दारूत किंवा नशेत तर्र असा होतो.

रोगांची जुनी नावं बघ. टीबीला इंग्रजीत पूर्वी कन्झम्प्शन म्हणत, रोग माणसाला खाऊन टाकतो म्हणून. आपण क्षय म्हणतो, झिजणं. दोन्हीकडच्या माणसांनी जंतू कळण्याआधी डोळ्यांना दिसलं त्याला नाव दिलं, आणि दिसलं होतं एकच.

तुला कामाला येईल अशी एक युक्ती. कुठला शब्द घ्यावा हे अडलं की कोशातला अर्थ वाचण्यापेक्षा तो शब्द कुणाबरोबर हिंडतो ते बघ. अमेरिकन इंग्रजीचा कोका नावाचा मोठा शब्दसंग्रह इंटरनेटवर आहे, शंभर कोटींहून जास्त शब्दांचा. त्यात स्लेंडर घाल आणि पुढे कुठली नामं येतात ते बघ, मग स्क्रॉनी घाल. दहा मिनिटांत जे कळतं ते माझ्या या लांबणीतूनही कळणार नाही. उलट दिशेने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघड, १८५७ ची दुसरी आवृत्ती. तोही इंटरनेटवर शोधता येतो. ‘बारीक’ नको, शेलाटा, शिडशिडीत, रोडका, काटक असे धारदार शब्द टाक. इंग्रजी जुनी आहे, काही शब्द आज चालणार नाहीत, पण एकेका मराठी शब्दाला किती पदर आहेत ते लक्षात येतं. मी स्वतः आधी मराठीतच वाक्य घासून घेते. ‘बारीक’ खोडायचं आणि आपली आई किंवा गावातली म्हातारी काय म्हणाली असती ते लिहायचं. तो शब्द सापडला की इंग्रजीचा अर्धा रस्ता संपलेला असतो.

आता तुझी आजी. रोज विहिरीचं पाणी काढणाऱ्या बाईला कुठलीही मराठी म्हातारी ‘बारीक’ म्हणणार नाही. ती म्हणेल, काटक. इंग्रजीत त्याला वायरी आहे, तारेसारखी: अंगावर मांस नाही, पण वाकवली तर तुटत नाही, उलट परत ताठ होते. हा शब्द जास्त करून पुरुषांना लागतो हे खरं. म्हाताऱ्या, कष्टाळू बायकांनाही तो लागतो आणि तिथे फार छान बसतो. केसांना लागला तर मात्र राठ असा अर्थ होतो, तेवढं वाक्य रचताना बघ. लीन चालेल का? चालेल, पण लीनमध्ये खेळाडू डोकावतो, आणि आजी खेळायला गेली नव्हती. लाइद नको, तो नर्तकीचा आणि मांजराचा लवचीकपणा आहे. स्लाइट म्हणजे आपलं ‘फाटक्या अंगाची’. आजी खरोखर लहान चणीची असेल तर आधी स्लाइट आणि मग ‘पण’ लावून वायरी, असं एकाच वाक्यात घे. पोहरा ओढतानाचे तिचे हात दाखवणार असशील तर तिथे विशेषणच नको. मनगटाच्या शिरा आणि दोराचे वळ लिही.

शेवटच्या दोन वर्षांसाठी तुला दुसरा शब्द लागेल. तिथे थिनही नको, गाँटही नको. नात कधी आजीला गाँट म्हणत नाही, परका माणूस म्हणतो. तिथे फ्रेल घे. तो खरं तर बारीकपणाचा शब्दच नाही, तो हात धरून बाथरूमपर्यंत नेण्याचा शब्द आहे. आणि या दोहोंच्या मधली जागा, ती पहिल्यांदा विहिरीवर गेली नाही तो दिवस, ती कुठल्याही विशेषणाशिवाय लिहून बघ. मला पाठव. लाल पेन तयार आहे.